‘उस्तेद एस मोलेस्तो’ : चिडका, चिडलेला आणि चिडवणारा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. पुण्यात एका कंपनीच्या ग्राहकसेवेत तुम्ही काम करता, ग्राहक सगळे मेक्सिकोतले, आणि तुमचं स्पॅनिश बी-१ पर्यंत, म्हणजे मधल्या पातळीपर्यंत, झालंय. बिलातल्या गडबडीवरून संतापलेल्या एका ग्राहकाला शांत करायला तुम्ही चॅटवर लिहिलंत, ‘एन्तिएन्दो के उस्तेद एस मोलेस्तो’. मनात होतं, ‘आपण वैतागला आहात हे मला समजतंय.’ पलीकडून आधी नुसतं ‘पेर्दोन?’, म्हणजे ‘काय म्हणालात?’, आलं आणि पाठोपाठ ‘तुमच्या वरिष्ठांशी बोलायचंय.’ आता तुम्हाला चिडचिडा, मूड ऑफ, मूडी, खडूस, तुसडा या सगळ्यांसाठी स्पॅनिश शब्दांची एक यादी हवी आहे, कारण भाषांतराचं ॲप दर वेळी काहीतरी वेगळंच देतं.

शब्द पुढे देतेच. पण आधी एक सांगू का? तुमचा शब्द चुकलाच नव्हता. ‘मोलेस्तो’ हाच शब्द मीही त्या जागी वापरला असता. घात केला तो ‘एस’ने. आपल्या एका ‘असणं’साठी स्पॅनिशमध्ये दोन क्रियापदं आहेत, ‘सेर’ आणि ‘एस्तार’; ‘एस’ हे सेरचं रूप, ‘एस्ता’ हे एस्तारचं. ‘एस्तार मोलेस्तो’ म्हणजे त्रासलेला असणं आणि ‘सेर मोलेस्तो’ म्हणजे त्रासदायक असणं. म्हणजे तुम्ही त्या भल्या माणसाला अगदी अदबीने, ‘उस्तेद’ म्हणजे आदरार्थी ‘आपण’ लावून कळवलंत की आपण म्हणजे एक कटकट आहात, याची मला जाणीव आहे. त्याने वरिष्ठांना बोलावलं यात त्याचं काही चुकलं नाही.

मी अठरा वर्षं स्पॅनिश शिकवते आहे आणि मधल्या काळात कारखान्यांमध्ये दुभाषी म्हणूनही बरीच उठाठेव केली. ही चूक दर बॅचला कोणीतरी करतंच. कारण आपण स्पॅनिश शिकतो ते इंग्रजीच्या खांद्यावर बसून. ॲपमध्ये इंग्रजी शब्द टाकायचा, समोर येईल तो स्पॅनिश शब्द उचलायचा. आणि राग या एका बाबतीत इंग्रजीचा खांदा फार कामाचा नाही, कारण जो फरक स्पॅनिशला हवा असतो तो इंग्रजीत एका ‘इज’मध्ये बुडून जातो. मराठीत मात्र तो जिवंत आहे. चिडका आणि चिडलेला, रागीट आणि रागावलेला, तापट आणि तापलेला. या जोड्यांमध्ये कधी गोंधळलेला मराठी माणूस मी पाहिला नाही.

पुस्तकात सांगतात, ‘सेर’ कायमचं आणि ‘एस्तार’ तात्पुरतं. पहिल्या महिन्यापुरता हा नियम ठीक. पण मेलेल्या माणसाला स्पॅनिशमध्ये ‘एस्ता मुएर्तो’ म्हणतात, ‘एस’ नव्हे; आता मरणाहून कायमचं काय असणार? त्यापेक्षा मी ‘-लेला’ची चाचणी लावायला सांगते. मनातल्या मनात मराठी शब्द म्हणा. शेवटी ‘-लेला’ आला, म्हणजे काहीतरी होऊन ही अवस्था आली आहे, तर ‘एस्तार’. मेलेला, रागावलेला, वैतागलेला, थकलेला हे सगळे एस्तारच्या पंगतीला. रागीट, तिरसट, खडूस, कुरकुऱ्या हे सेरच्या पंगतीला. सगळीकडे ही चाचणी चालते असं नाही. ‘आमारगादो’ म्हणजे आयुष्याने कडवटलेला, पण ‘एस उन आमारगादो’ असंच जास्त ऐकू येतं, कारण तिथे ‘उन’, म्हणजे ‘एक’, लागून त्याचं नाम झालंय. तरी रागाच्या बाबतीत बहुतेक वेळा ही चाचणी तारून नेते.

(उच्चार लिहिताना मी लॅटिन अमेरिकेचे धरलेत, कारण तुमचे ग्राहक तिकडचे. स्पेनच्या बऱ्याच भागात यातल्या काही ‘स’च्या जागी ‘थ’ ऐकू येईल.)

तिसरं एक क्रियापद आहे, ‘तेनेर’, म्हणजे जवळ असणं. आपण म्हणतो, ‘त्याचा स्वभाव तापट आहे.’ स्पॅनिश माणूस म्हणतो, त्याच्याजवळ वाईट स्वभाव आहे : ‘तिएने माल हेनिओ’ किंवा ‘तिएने माल काराक्तेर’. यातल्या ‘हेनिओ’ने माझी एकदा चांगलीच फजिती केली. विद्यार्थीदशेत मी स्पेनमधल्या बायादोलिदमध्ये एका बाईंकडे भाड्याने खोली घेऊन राहत होते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात गेले तर त्या कॉफीच्या भांड्यापाशी उभ्या होत्या, आणि आतल्या खोलीकडे मान वळवून दबक्या आवाजात मला म्हणाल्या, ‘मि मारीदो तिएने मूचो हेनिओ.’ माझ्या नवऱ्याजवळ फार ‘हेनिओ’ आहे. मला ‘हेनिओ’चा एकच अर्थ ठाऊक, अलौकिक बुद्धीचा माणूस. मी डोळे मोठे करून म्हटलं, ‘अय्या, किती भाग्यवान तुम्ही!’ बाई क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या. भांडं गॅसवर फुसफुसत होतं, त्याची आच कमी करायचंही त्यांना भान राहिलं नाही, इतक्या हसल्या. ‘सेर उन हेनिओ’ म्हणजे प्रतिभावंत असणं, आणि ‘तेनेर हेनिओ’ म्हणजे नाकाच्या शेंड्यावर राग असणं. शब्द तोच, क्रियापद बदललं की आईनस्टाईनचा जमदग्नी होतो.

त्यांच्या नवऱ्याबद्दल त्यांनीच मला आणखी एक वाक्प्रचार शिकवला, तो मी आजही रोज वापरते : ‘तेनेर माल देस्पेर्तार’. वाईट जागं होणं असणं, असं शब्दशः. सकाळी चहा पोटात जाईपर्यंत ज्याच्या वाटेला जाऊ नये, असा माणूस. माझ्या सासरी असे तिघे आहेत, म्हणून हा शब्द विसरायची सोय नाही.

आता ‘आज मूड बरा नाही’साठी. वीसही स्पॅनिशभाषक देशांत बिनधोक चालणारा शब्दप्रयोग म्हणजे ‘एस्तार दे माल उमोर’. हा आधी पक्का करा, बाकीचे नंतर. ‘उमोर’ म्हणजे मूळ लॅटिनमध्ये द्रव. जुन्या युरोपी वैद्यकात शरीरात चार द्रव मानत, रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त, आणि त्यांच्या कमी-जास्त प्रमाणावर माणसाचा स्वभाव ठरतो अशी समजूत होती. पिवळं पित्त वाढलेला तो ‘कोलेरिको’, म्हणजे संतापी, आणि काळं पित्त वाढलेला तो ‘मेलांकोलिको’, म्हणजे उदास. आपलं ‘पित्त खवळलं’ याच जातकुळीचं आहे, नाही का? मेक्सिकोत तर हे अगदी बोलण्यात आहे. ‘आसेर बिलिस’, शब्दशः पित्त करणं, म्हणजे चिडून आतल्या आत जळणं. खूप मोठा संताप झाला तर ‘से मे देर्रामो ला बिलिस’, माझं पित्त सांडलं. तिथल्या आजीबाईंच्या मते रागाने खरोखरच पित्त सांडतं आणि माणूस आजारी पडतो. आपल्याकडच्या आज्यांचं त्यांच्याशी चांगलं जमलं असतं.

तुमच्या कानावर रोज पडेल तो मेक्सिकन प्रयोग म्हणजे ‘आन्दार दे मालास’. ‘आन्दो दे मालास’ म्हणजे माझं आज डोकं ठिकाणावर नाही. हा बोलीतला आहे, ग्राहकाने स्वतःबद्दल म्हटला तर हसून घ्या, तुम्ही ग्राहकाबद्दल वापरू नका. कार्यालयात एखाद्याचा मूड सौम्यपणे सांगायचा असेल तर स्पॅनिशमध्येही आपल्यासारखाच नकार कामाला येतो. आपण ‘साहेब भडकलेत’ असं थेट न म्हणता ‘साहेबांचा आज मूड विशेष नाही’ म्हणतो, तसंच ‘नो एस्ता दे मुय बुएन उमोर’. किंवा नुसतं ‘नो एस्ता पारा ब्रोमास’, आज ते चेष्टामस्करीच्या तयारीत नाहीत. समजणाऱ्याला पुरेसं आहे.

स्वभावाने कुरकुऱ्या असलेल्या माणसासाठी स्पॅनिशची श्रीमंती बघून मराठी माणसाला घरी आल्यासारखं वाटतं. ‘ग्रुन्योन’, बाई असेल तर ‘ग्रुन्योना’. हा ‘ग्रुन्यिर’ क्रियापदावरून आला, आणि ‘ग्रुन्यिर’ म्हणजे डुकराचं डुरकणं किंवा कुत्र्याचं गुरगुरणं. हिमगौरीच्या सात बुटक्यांतल्या चिडक्या बुटक्याचं स्पॅनिश नाव ग्रुन्योनच आहे. ‘रेफुन्फुन्यार’ म्हणजे तोंडातल्या तोंडात पुटपुटत कुरकुरणं. शब्द मोठ्याने म्हणून बघा, अर्थ कानालाच कळतो. त्यापासून ‘रेफुन्फुन्योन’. अर्जेंटिना, उरुग्वे, मेक्सिकोकडे ‘रेसोंगार’ आणि ‘रेसोंगोन’. मेक्सिको आणि चिलीत पटकन रागावणाऱ्याला ‘एनोहोन’. शेवटचा ‘-ओन’ लक्षात आला असेल. एखादी गोष्ट सतत, अति करणाऱ्याला तो लागतो, जसा आपला खादाडचा ‘-आड’ किंवा भांडखोरचा ‘-खोर’. आणि या ‘-ओन’वाल्या शब्दांत थोडी माया असते. बायको नवऱ्याला ‘मि ग्रुन्योन’ म्हणते ते लाडाने.

माझा सर्वांत आवडता मात्र ‘कास्कार्राबिआस’. ‘कास्कार’ म्हणजे फोडणं, तडकवणं. ‘राबिआ’ म्हणजे राग. क्षुल्लक कारणावरून तडकणारा, बहुधा म्हातारा माणूस. वाड्याच्या ओट्यावर बसून क्रिकेटचा चेंडू जप्त करणारे आजोबा आठवा. याचं एक वैशिष्ट्य परीक्षेत हमखास विचारतात : शेवटी ‘स’ असला तरी हा शब्द एकवचनी आहे आणि लिंगवचनाने बदलत नाही. ‘एल कास्कार्राबिआस’, ‘ला कास्कार्राबिआस’, ‘लोस कास्कार्राबिआस’. छत्रीच्या ‘पाराग्वास’सारखं. ‘कास्कार्राबिआ’ असं कोणी लिहिलं की मी लाल पेन काढते.

ॲपने तुम्हाला गंडवलं ते ‘मूडी’ला. आपण मराठीत ‘मूडी’ म्हणतो ते कधी खुशीत, कधी गप्प, अशा लहरी माणसाला. ॲप त्याला ‘मालउमोरादो’ देतं, आणि तो तर निव्वळ तिरसट, आंबट चेहऱ्याचा. लहरीसाठी ‘तेम्पेरामेन्ताल’ जवळचा.

‘खडूस’ला एकच शब्द नाही, आणि खरं तर मराठीतही खडूसपणाचे प्रकार आहेत. नुसताच कोणाशी न जमणारा, तर ‘आन्तिपातिको’, सगळीकडे चालतो. मेक्सिकोत मिजास दाखवणारा, नकोसा वाटणारा, तर ‘सांग्रोन’. सांग्रे म्हणजे रक्त, आणि अशा माणसाचं रक्त ‘जड’ आहे असंही तिथे म्हणतात. स्पेनमध्ये तोंडावर फटकन बोलणारा, तर ‘बोर्दे’. ‘नो सेआस बोर्दे’, असा खडूसपणा करू नकोस, हे वाक्य तुम्हाला स्पेनच्या मालिकांमध्ये पावलोपावली ऐकू येईल, मेक्सिकन माणसापुढे मात्र काढू नका. तुसड्यासाठी ‘कोर्तान्ते’, म्हणजे कापणारा. आपण ‘तोडून बोलतो’ म्हणतो, ते कापून बोलतात. ‘मे कोन्तेस्तो मुय कोर्तान्ते’, त्याने मला फार तुटक उत्तर दिलं.

पटकन मनाला लावून घेणाऱ्या माणसाला ‘सुस्सेप्तिब्ले’ म्हणतात, आणि बारीकसारीक गोष्टींवरून बिनसणाऱ्याला ‘किस्कियोसो’. याच्या जवळचं क्रियापद ‘पिकार्से’. ‘पिकार’ म्हणजे टोचणं, चावणं, आणि तिखट लागणं. मेक्सिकोत ताटातल्या साल्साबद्दल ‘पिका?’ विचारतात, आणि टोमण्याने दुखावलेल्या माणसाबद्दल ‘से पिको’ म्हणतात. मराठीत या दोन्हींना एकच शब्द आहे, झोंबणं. मिरची झोंबते आणि बोलणंही झोंबतं. इंग्रजीतून शिकणाऱ्याला हे समजवायला मला दहा मिनिटं लागतात, मराठीत एक शब्द पुरतो. (मेक्सिकोत ‘मे पिके’ म्हणजे एखाद्या मालिकेची चटक लागली असाही अर्थ होतो, तेव्हा मागचंपुढचं बघावं.)

वाक्प्रचारांची तर खाणच आहे. सगळे पाठ करू नका, दोन-तीन उचला. ‘तेनेर मालास पुल्गास’, अंगावर वाईट पिसवा असणं, म्हणजे जवळ गेलं की चावणारा माणूस. ‘कारा दे पोकोस आमिगोस’, थोडे मित्र असलेला चेहरा. कपाळाला आठ्या घालून आलेला कोणीही. ‘लेबान्तार्से कोन एल पिए इस्किएर्दो’, डाव्या पायाने उठणं, आपण म्हणतो ‘आज कोणाचं तोंड पाहिलं होतं कोण जाणे’. ‘मे साका दे किसिओ’, तो मला बिजागरीतून उखडून काढतो, आपल्या ‘तो माझ्या डोक्यात जातो’च्या अगदी जवळचं. स्पेनमध्ये ‘नो एस्ता एल ओर्नो पारा बोयोस’, भट्टी गोड पाव भाजण्याजोगी नाही, म्हणजे आत्ता रजेचा विषय साहेबांकडे काढू नकोस. मेक्सिकोत संतापलेला माणूस ‘एस्ता कोमो आग्वा पारा चोकोलाते’ असतो. तिथे पूर्वापार चॉकलेट पाण्यात करतात आणि त्याला पाणी खळखळतं लागतं. आणि एखाद्या गोष्टीचा वीट आला की ‘आस्ता एल गोर्रो’, टोपीपर्यंत आलं. आपल्या नाकी नऊ येतात, त्यांच्या टोपीपर्यंत येतं.

आता जिथे खरी माणसं अडकतात तो भाग, देशांचा. ‘रागावलेला’ला स्पेनमध्ये ‘एन्फादादो’ म्हणतात, अमेरिका खंडात ‘एनोहादो’. स्पेनच्या मालिका बघून शिकलेला तुमच्यासारखा माणूस मेक्सिकोत ‘एन्फादादो’ म्हणाला तर समजतील, पण हा माद्रिदचा दिसतो असं वाटेल. ‘काब्रेआदो’ही स्पेनचा, ‘काब्रा’ म्हणजे शेळी, त्यावरून. मित्रांत चालतो, पत्रात नाही. स्पेनमध्ये ‘एस्तार दे माला लेचे’, वाईट दुधात असणं, हेही तसंच जरा गावरान. दुधाबरोबर दाईचा स्वभाव बाळात उतरतो या जुन्या समजुतीशी त्याचा संबंध जोडला जातो. सौम्य करायचं तर दुधाच्या जागी द्राक्ष घालतात, ‘माला ऊबा’. पण हाच ‘माला लेचे’ अर्जेंटिनात घेऊन जा, तिथे ‘के माला लेचे!’ म्हणजे ‘काय फुटकं नशीब!’

कोलंबिया, व्हेनेझुएला, क्युबा इकडे ‘एस्ता ब्राबा’ म्हणजे ती शूर नव्हे, रागावली आहे. कोलंबियात ‘मालहेनिआदो’ म्हणजे चिडका, आणि तिथे ‘एस्तार दे माल हेनिओ’ असंही म्हणतात, म्हणजे जो हेनिओ स्पेनमध्ये जन्मभराचा, तो तिथे संध्याकाळपर्यंत उतरूही शकतो. ‘ब्रोंका’ अर्जेंटिनात राग, स्पेनमध्ये बोलणी किंवा झापणं, मेक्सिकोत अडचण. आणि दोन शब्द मी मुद्दाम वेगळे काढून ठेवते. ‘आर्रेचो’ व्हेनेझुएलात संतापलेला; कोलंबिया आणि पेरूत त्याचा अर्थ कामातुर. दुसरा ‘कालिएन्ते’. ‘साहेब तापलेत’ हे मराठी डोक्यात धरून ‘एल हेफे एस्ता कालिएन्ते’ म्हणालात तर अर्जेंटिनात ते रागावल्याचं समजतील, बाकी ठिकाणी सभेत जो हशा पिकेल त्याला मी जबाबदार नाही. मराठीवर विसंबा असं मी म्हणते ते वाक्याच्या बांधणीपुरतं. शब्द शब्दशः उचलायला सांगत नाही.

देशोदेशीचे असे अर्थ बघायला माझ्या टेबलावर एकच ग्रंथ कायम असतो, स्पॅनिश भाषेच्या अकादमींच्या संघटनेने २०१० मध्ये काढलेला ‘दिक्सिओनारिओ दे आमेरिकानिस्मोस’, म्हणजे अमेरिका खंडातल्या स्पॅनिश शब्दांचा कोश. त्यात प्रत्येक अर्थापुढे देशांची लघुरूपं दिलेली असतात. तो जालावर फुकट बघता येतो, आणि माद्रिदच्या अकादमीचा मुख्य कोशही. संशय आला की ॲप बंद करून तिथे जा.

हे मी शहाणपणाने नाही, पोळल्यावर सांगते आहे. माझं शिक्षण स्पेनी वळणाचं. चाकणच्या एका कारखान्यात यंत्र बसवायला आलेल्या मेक्सिकन अभियंत्याची दुभाषी म्हणून मी उभी होते. आदल्या दिवशी कोणीतरी न विचारता त्याच्या यंत्राचं सेटिंग बदललं होतं. बैठकीत तो म्हणाला, ‘आयेर मे दिओ मूचो कोराहे.’ ‘कोराहे’ म्हणजे धैर्य, एवढंच माझ्या डोक्यात. मी सुहास्य वदनाने भाषांतर केलं, ‘कालच्या प्रकाराने त्यांना खूप धीर आला.’ व्यवस्थापकांनी समाधानाने मान डोलावली, एकाने टाळीही वाजवली, आणि अभियंत्याचा चेहरा टोमॅटोसारखा लाल. मेक्सिकोत ‘कोराहे’ म्हणजे संताप. ‘आसेर कोराहे’ म्हणजे चिडणं, ‘कोराहूदो’ म्हणजे शीघ्रकोपी. राग हा अर्थ स्पेनच्या कोशातही आहे, फक्त मी तोवर तिथपर्यंत वाचलं नव्हतं. चहा आला तेव्हा मी दोघांचीही माफी मागितली.

त्या वाक्याची बांधणी मात्र नीट बघा, कारण तिथे मराठीचा तुम्हाला सर्वांत मोठा फायदा आहे. ‘मे दिओ कोराहे.’ मला आला राग. त्यात ‘मी’ कर्ता नाहीच. इंग्रजीतून आलेली मुलं ‘यो’ने, म्हणजे ‘मी’ने, वाक्य सुरू करायला धडपडतात. आपण जन्मापासून ‘मला राग येतो’ म्हणतो, रागाला कर्ता करतो, तेच इथे आहे, फक्त येण्याऐवजी देण्याचं क्रियापद. ‘मे दा राबिआ’ सगळीकडे समजतं. मेक्सिकोत ‘मे दा कोराहे’, अर्जेंटिनात ‘मे दा ब्रोंका’, पेरूत ‘मे दा कोलेरा’. ‘राबिआ’ हे रेबीजचंही नाव आहे. कोलेरा म्हणजे पटकीसुद्धा, पण लिंग वेगळं : ‘ला कोलेरा’ राग आणि ‘एल कोलेरा’ रोग. पुढे ‘के’, म्हणजे ‘की’, जोडून कारण सांगायचं असेल तर सब्जंक्टिव्ह, म्हणजे भावना-इच्छांसोबत येणारं क्रियापदाचं वेगळं रूप, लागतो, ‘मे दा कोराहे के येगेन तार्दे’, ते उशिरा येतात याचा मला राग येतो. बी-१ च्या परीक्षेत हे लिहिलंत तर तपासणारा खूश होतो, स्वानुभव.

राहिलं एक, बदल सांगायचा. आत्ता, क्षणात चिडला तर ‘पोनेर्से’ : ‘से पुसो फुरिओसो’, ‘से पुसो दे माल उमोर’. हळूहळू स्वभावच तसा होऊन बसला तर ‘बोल्बेर्से’ : ‘से आ बुएल्तो उन कास्कार्राबिआस’, निवृत्त झाल्यापासून अगदी तिरसट झालेत हो. पहिल्यात माणूस उद्या ठीक होईल, दुसऱ्यात घरच्यांनी सवय करून घ्यायची.

तर तुमच्यापुरतं, मेक्सिकोच्या ग्राहकांपुरतं बोलायचं तर : स्वतःबद्दल ‘मे दा कोराहे’ आणि ‘आन्दो दे मालास’ ऐकून समजता आलं पाहिजे, सहकाऱ्यांत ‘एनोहादो’, ‘ग्रुन्योन’, ‘एनोहोन’ चालतील, लेखी कामकाजात ‘एस्ता मोलेस्तो’ किंवा ‘एस्ता इन्कोन्फोर्मे’, म्हणजे ग्राहक नाराज आहे, असमाधानी आहे. अंतर्गत नोंदीत हे दोन पुरतात.

आणि ग्राहकाला थेट लिहायचं असेल तर त्याच्याबद्दल विशेषण लावूच नका, ना ‘एस’ ना ‘एस्ता’. आपणही ‘तुम्ही चिडलेले आहात’ असं कोणाच्या तोंडावर म्हणत नाही, म्हटलं तर तो ‘कोण चिडलंय?’ म्हणून आणखी चिडतो. नाम वापरा : ‘कोम्प्रेन्दो सु मोलेस्तिआ.’ आपला त्रास मी समजू शकते. तुमच्या बाबतीत, समजू शकतो. त्या ग्राहकाचं प्रकरण अजून उघडं असेल तर उद्या सकाळी, म्हणजे त्यांच्या रात्री, एवढी एकच ओळ पाठवा : ‘लामेन्तो लास मोलेस्तिआस’, झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहे. शब्द तोच आहे हे त्याच्या लक्षात येईल, आणि बहुधा हसेलही. मग बिलाचं बघा.